नेव्हीत ट्रेड कोणता मागू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: काका नमस्कार, मी कळव्याला राहतो, बारावी सायन्स झालंय, ६८ टक्के आहेत, आणि अग्निवीर एसएसआरचा, म्हणजे नेव्हीतल्या बारावीवरच्या चार वर्षांच्या भरतीचा फॉर्म भरतोय. पप्पा रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत, ते बोलतात इलेक्ट्रिकलच घे. क्लासमधली पोरं बोलतात रायटर (कारकुनी) नायतर स्टोअर (सामानाचा साठा) मागायचं, एसीत बसायला मिळतं, इंजिनरूमला गेलास तर मेलास. आई बोलते मुंबईतच राहता येईल असं काहीतरी बघ. आणि फॉर्ममध्ये तर ट्रेडचा, म्हणजे कामाच्या लाइनचा, कॉलमच दिसत नाहीये. मग निवडायचा कधी आणि कोणता?

उत्तर: बाळा, कॉलम दिसत नाही कारण तो नाहीच आहे. फॉर्म भरताना तू एंट्री निवडतोस, एसएसआर की एमआर, बस एवढंच, आणि खरं सांगू तर तुझ्या हातातली सगळ्यात मोठी निवड हीच आहे. एमआर दहावीवर असते आणि तिच्यात कुक, स्टुअर्ड, हायजिनिस्ट हीच कामं येतात. तीही मानाचीच कामं आहेत, जहाजावर शंभर-दोनशे माणसांचं जेवण वेळेवर लावणं म्हणजे काय ते लावणाऱ्यालाच माहीत. पण मशीन, रडार, तोफा यातलं काही करायचं असेल आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स असेल तर एसएसआरच भर. बारावी होऊनही "एमआरला कॉम्पिटिशन कमी" असं कोणीतरी सांगितलं म्हणून एमआरला जाणारी पोरं दरवर्षी बघतो आणि जीव तुटतो, कारण नंतर मनासारखी लाइन बदलून घेणं सोपं नसतं.

ट्रेड मिळतो तो ट्रेनिंगमध्ये. सिलेक्ट झालास की ओडिशात आयएनएस चिलिका या नेव्हीच्या जमिनीवरच्या तळावर बेसिक ट्रेनिंगला जाशील, तिथे परेड, पोहणं, हत्यार चालवणं, नेव्हीची शिस्त, सगळं पहिल्यापासून. तिथेच ब्रँच ठरते. तुझी आवड विचारात घेतात, पण त्याच्यासोबत तुझे मार्क, मेडिकल, आणि मुख्य म्हणजे त्या बॅचला नेव्हीला कुठे किती माणसं पाहिजेत हे बघतात, आणि शेवटचा शब्द नेव्हीचा. त्यामुळे कोणी क्लासवाला बोलला की आमची ओळख आहे, इलेक्ट्रिकल फिक्स करून देतो, तर तिथून सरळ उठून घरी ये. तुझ्या हातात आहेत ते मार्क. ट्रेनिंगमधल्या परीक्षा मनापासून दे, कारण वर असणाऱ्याच्या आवडीला वजन येतं.

आता कोणता मागायचा. पहिलं ते एसीचं डोक्यातून काढ. जहाजावर रायटर असला तरी तो नुसता रायटर नसतो, आग लागली, पाणी आत शिरलं तर होज घेऊन त्यालाही धावायला लागतं, त्याची प्रॅक्टिस सगळ्यांना असते. कागदपत्र, हिशोब, पगारपत्रक, सामानाची नोंद यात मन लागत असेल तर लॉजिस्टिक्स जरूर माग, ते मालाडच्या आयएनएस हमलाला शिकवतात, चांगलं काम आहे. पण आराम म्हणून मागू नकोस.

पप्पांचं म्हणणं मला पटतं, फक्त एक बघ की आवड त्यांची आहे की तुझी. इलेक्ट्रिकलवाल्यांचं ट्रेनिंग जामनगरला आयएनएस वालसुराला होतं. मी स्वतः याच ब्रँचचा, त्यामुळे थोडा पक्षपात होईल, तो धरूनच वाच. जहाज म्हणजे एक अख्खं गाव, स्वतःची वीज स्वतः बनवतं, जनरेटर, स्विचबोर्ड, मोटरी, रडार, सोनार (पाण्याखालचा आवाज पकडणारं यंत्र), मिसाइलची यंत्रणा, सगळ्याला वीज लागते आणि समुद्रात रात्री दोन वाजता काही ट्रिप झालं तर महावितरणला फोन करून चालत नाही, तू आणि तुझा सिनियर दोघांनीच ते शोधायचं. लहानपणी घरातला मिक्सर, पंखा उघडून बसायचास का? सर्किट डायग्राम बघून कंटाळा येतो की अजून बघावंसं वाटतं? याचं उत्तर पप्पांना नाही, स्वतःला दे. रंग ओळखण्याची टेस्ट मेडिकलमध्ये असते, ठिपक्यांमधले आकडे वाचायचे, ती आधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडून करून घे, कारण वायरींचे, दिव्यांचे रंग ओळखता आले नाहीत तर काही कामं देता येत नाहीत.

इंजिनरूमला गेलास तर मेलास हे चूक आहे. गरम असतं, आवाज असतो, डांगरी घामाने ओली होते, हे खरं. पण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत जे शिकवतात, डिझेल इंजिन, गॅस टर्बाइन, पंप, कॉम्प्रेसर, ते ज्ञान बाहेर कुठल्याही कारखान्यात चालतं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर सोड, पप्पांनाच विचार की चांगला फिटर मिळायला किती त्रास होतो.

सीमन ब्रँचबद्दल "नुसतं डेक पुसायचं" बोलणाऱ्याला त्यातलं काही माहीत नाही. सीमन म्हणजे तोफा चालवणारे, ऑप्स रूममध्ये रडारवर बसून आजूबाजूला कोण आहे ते प्लॉट करणारे, सोनारवर पाणबुडीचा आवाज ऐकणारे, दोरखंड-नांगर-बोटी सांभाळणारे. गनरीचं, म्हणजे तोफांचं, ट्रेनिंग कोचीला आयएनएस द्रोणाचार्यला. हायड्रोग्राफी तर मला फार सुंदर वाटते, समुद्राचा तळ मोजून नकाशे बनवायचे, त्यांची शाळा गोव्यात आहे, पण तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. डायव्हर आणि सबमरीन हे स्वतःहून पुढे येणाऱ्यांचं काम, त्याचा विचार नंतर कर. डेक मात्र सगळेच पुसतात, त्याला ब्रँच नाही.

चार वर्षांचंही स्पष्ट बोलायला पाहिजे कारण तुझ्या प्रश्नात ते कुठेच नाही. अग्निपथमध्ये, म्हणजे याच चार वर्षांच्या भरती योजनेत, पहिल्या वर्षी महिना ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले ३० टक्के सेवानिधीला कापतात म्हणजे सुरुवातीला हातात २१,००० येतात. चार वर्षांनी तुझे आणि सरकारचे मिळून साधारण १०.०४ लाख आणि वर व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणजे चारातले तीन जण बावीस-तेवीसच्या वयात घरी येणार. म्हणून ट्रेडची पसंती देताना दोन प्रश्न एकत्र विचार, हे काम मी रोज करू शकतो का, आणि बाहेर आल्यावर हे हातात राहील का. इंजिन आणि इलेक्ट्रिकल इथे पुढे आहेत. जून २०२२ मध्ये शिपिंग मंत्रालयाने नेव्हीच्या अग्निवीरांना मर्चंट नेव्हीत (मालवाहू जहाजांवर) जायचे सहा मार्ग जाहीर केले, त्यात रेटिंग (खलाशी), इलेक्ट्रिकल आणि कुकसुद्धा आहेत. गनरीवाल्याला तोफेचं काम बाहेर मिळणार नाही, पण रडारवर, गनवर मनापासून प्रेम असेल आणि त्या २५ टक्क्यांत यायची जिद्द असेल तर तोच माग, अर्ध्या मनाने घेतलेल्या इलेक्ट्रिकलपेक्षा ते बरं.

आईला समजाव की मुंबईतलं जहाज मिळालं तरी ते महिनोंमहिने समुद्रात असू शकतं, आणि पोस्टिंग विशाखापट्टणम, कारवार, कोची, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) कुठेही येऊ शकते. वर्षाला ३० दिवस रजा आहे.

आणि धावायला लाग रे, भरतीच्या फिजिकल टेस्टला १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत. उपवन तलावाला सकाळी सहाला जा, तिथे पळणारे भरपूर भेटतील.

प्रश्न: माझ्या मुलीला नेव्हीत जायचंय. आम्ही ऐरोलीला असतो. घरात सगळे बोलतात मुलींना ऑफिसचंच काम देतात, मग एवढं कशाला. आणि मिस्टर बोलतात दोन वर्षांनी लग्नाचं बघायचंय.

उत्तर: ताई, ऑफिसचंच काम ही जुनी गोष्ट झाली. खलाशी म्हणून मुली पहिल्यांदा अग्निपथमधून आल्या. पहिली बॅच २८ मार्च २०२३ ला चिलिकामधून बाहेर पडली, साधारण २,६०० जणांत २७३ मुली होत्या, आणि ट्रेनिंग मुलांबरोबरच. त्याच वर्षी नेव्हीने आयएनएस त्रिंकत या युद्धनौकेची कमान लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळींकडे दिली, त्या अधिकारी आहेत, खलाशी नाहीत, पण वारं कुठे वाहतंय ते कळतं. मुलींना १.६ किलोमीटरला आठ मिनिटं मिळतात. ट्रेडबद्दल वर जे लिहिलंय तेच तिलाही, मुलगी आहे म्हणून लॉजिस्टिक्स लिहू नका, तिला जे आवडतं ते लिहू द्या.

लग्नाचं मात्र मिस्टरांना आजच सांगा. अग्निवीर अविवाहितच लागतो आणि चार वर्षं लग्न करता येत नाही, मुलगा असो की मुलगी. हे आधी घरात पक्कं करा, मग फॉर्म भरा. अर्ध्यात ओढून आणलेल्या पोरीचं फार नुकसान होतं.

प्रश्न: माझा भाऊ दहावी पास, घणसोलीला आहे. बेलापूरच्या एका ऑफिसने नेव्हीत लावतो म्हणून तीन लाख मागितलेत, पन्नास हजार आत्ता. भरू का?

उत्तर: एक रुपया देऊ नकोस. इंडियन नेव्ही परीक्षेच्या फीशिवाय भरतीला काहीही घेत नाही, आणि फॉर्म ऑनलाइन स्वतः भरता येतो. ते ऑफिस बहुतेक मर्चंट नेव्हीचं बोलत असणार, ती मालवाहू जहाजांची खाजगी नोकरी, वर्दी पांढरी असली तरी फौज नाही. आपल्याकडे बेलापूर-नेरुळला शिपिंगची ऑफिसं खूप, करावेला टी. एस. चाणक्यसारखी नावाजलेली सरकारी संस्थाही आहे, त्यामुळे खरं-खोटं मिसळून जातं. मर्चंट नेव्हीतच जायचं असेल तर संस्थेला डीजी शिपिंगची (जहाजवाहतुकीचं सरकारी खातं) मान्यता आहे का ते त्यांच्या यादीत बघ, फी संस्थेच्या खात्यात भर आणि पावती घे, माणसाच्या हातात कॅश नको. आणि फौजेतच जायचं असेल तर दहावीला ५० टक्के असतील तर एमआर आहे, लग्न झालेलं नसलं पाहिजे, वयाची जन्मतारीख जाहिरातीत बघून घे. हातावर टॅटू असेल तर तेही नियमात तपास, कोपरापासून मनगटापर्यंत आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं. पैसे आधीच दिले असतील तर पावती, मेसेज, कॉलचे रेकॉर्ड सगळं घेऊन पोलिस स्टेशनला जा, उद्यावर टाकू नकोस.