१९६५ मध्ये भारताचे सैन्य इतके मोठे असताना पाकिस्तानने हल्ल्याचे धाडस का केले, आपल्याला निर्णायक विजय का मिळाला नाही, आणि १९७१ मध्ये चित्र कसे बदलले?

आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टींचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी सापडते. १९६५ मध्ये दोन्ही देशांनी शत्रूच्या ताकदीचा अंदाज चुकवला, आणि त्याहून महागात पडले ते स्वतःच्या ताकदीचा अंदाज चुकणे. मी वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात एका खेड्यात राहतो आणि माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्याच तालुक्यात असल्याने आमच्या भागातील कितीतरी घरांतील माणसे तेथे नोकरीला होती व आजही आहेत. त्यामुळे सैन्याचा विषय निघाला की आमच्याकडे रणगाड्यांच्या आधी साठ्याबद्दल बोलले जाते. माझ्या उत्तराचा कल तिकडे झुकलेला आहे, तो मी लपवत नाही.

प्रथम पाकिस्तानच्या हिशेबाबद्दल. तो हिशेब मूर्खपणाचा होता असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण ते मला पटत नाही. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर भारताने सैन्यविस्ताराचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता आणि नव्या डोंगरी डिव्हिजन, म्हणजे डोंगराळ मुलखात लढणाऱ्या मोठ्या सैन्यतुकड्या, उभ्या राहत होत्या. त्यांतील बऱ्याच तुकड्या चीनच्या सीमेसाठी होत्या, काहींची उभारणी अद्याप पूर्ण व्हायची होती, आणि म्हणून एकूण संख्येत भारत कितीतरी पुढे असला तरी पश्चिम सीमेवर दोन्ही बाजूंतील अंतर फारसे मोठे नव्हते. १९५४ च्या करारानंतर पाकिस्तानला अमेरिकेकडून पॅटन रणगाडे, सेबर आणि स्टारफायटर ही लढाऊ विमानेही मिळाली होती. हा विस्तार पूर्ण झाला की आपली संधी कायमची जाईल, हा राष्ट्राध्यक्ष अयुब खान आणि परराष्ट्रमंत्री भुट्टो यांचा विचार आकड्यांच्या दृष्टीने बरोबरच होता. एप्रिल १९६५ मधील कच्छच्या चकमकींनी त्यांचा हा विश्वास आणखी पक्का केला.

चूक झाली ती आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींत. योग्य वेळी आणि योग्य जागी दोन तडाखे बसले की हिंदूंचे मनोधैर्य टिकणार नाही, अशा आशयाचे वाक्य अयुब खान यांच्या २९ ऑगस्ट १९६५ च्या लेखी आदेशात आहे. १९६२ मध्ये जे दिसले तोच भारताचा कायमचा स्वभाव आहे असे त्यांनी धरले होते. ऑगस्टच्या आरंभी ‘ऑपरेशन जिब्राल्टर’खाली काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले गेले, तेव्हा जनता उठाव करील ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी स्थानिक लोकांनीच घुसखोरांची खबर प्रशासनाला दिली. १ सप्टेंबरला जम्मूतील छांबवर रणगाड्यांनिशी हल्ला झाला, तोही भारत पंजाबातील आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही या गृहीतकावर. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने निघाले आणि ते गृहीतक संपले.

यानंतरची असल उत्तरची लढाई जरा सविस्तर सांगायला हवी, कारण दिसणारी ताकद आणि असणारी ताकद यांतील अंतर इतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. पंजाबातील खेमकरण भागात पाकिस्तानची पहिली चिलखती (रणगाड्यांची) डिव्हिजन, म्हणजे त्यांच्या सैन्याचा सर्वांत धारदार भाग, बियास नदीवरील पूल गाठून अमृतसर तोडण्यासाठी उतरली होती. तिच्यासमोर होती भारताची चौथी डोंगरी डिव्हिजन. हीच चौथी डिव्हिजन नोव्हेंबर १९६२ मध्ये सेला आणि बोमडिला येथे चिनी हल्ल्यापुढे कोलमडली होती. तीन वर्षांनंतर पंजाबातही तिची सुरुवात वाईटच झाली. पहिल्या हल्ल्यात अपयश आले आणि तिला मागे सरून असल उत्तरजवळ नवी फळी धरावी लागली. लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी बियासच्या मागे हटण्याचा सल्ला दिला होता आणि आपण तो मानला नाही, असे पश्चिम कमांडचे प्रमुख हरबक्ष सिंग यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्या घटकेला कोणी तुलनेचा तक्ता मांडला असता, तर निकाल पाकिस्तानच्याच बाजूने लागला असता.

८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत जे घडले ते निराळेच होते. उसाच्या उभ्या पिकात भारतीय रणगाडे आणि तोफा घोड्याच्या नालाच्या आकारात दडवून ठेवल्या गेल्या, कालव्याचे पाणी सोडून शेते चिखल करून टाकली गेली, आणि जड पॅटन रणगाडे त्या चिखलात येऊन अडकले. पॅटन हे यंत्र कमी दर्जाचे नव्हते. त्याची ९० मिलिमीटरची तोफ आणि अंतर मोजण्याची यंत्रणा आपल्या सेंच्युरियन व शर्मनपेक्षा आधुनिक होती. मात्र ती यंत्रणा गुंतागुंतीची होती, तिच्यावर हात बसायला दीर्घ सराव लागत असे, आणि चिखलात रुतलेल्या रणगाड्याला तिचा उपयोग करण्याइतकी उसंत मिळत नव्हती. आपले सेंच्युरियन जुने असले तरी त्यांतील जवानांचा त्यांच्यावर हात बसलेला होता. चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक रणगाडे टिपले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पाकिस्तानने त्या परिसरात ९७ रणगाडे गमावले. जप्त केलेले रणगाडे भिखीविंडजवळ ज्या मैदानात उभे केले होते, त्याला ‘पॅटन नगर’ असे नाव पडले.

चुकीचे अंदाज फक्त पलीकडेच झाले असे मात्र आपण समजू नये. पाकिस्तानने गुपचूप दुसरी चिलखती डिव्हिजन उभी केली होती आणि आपल्या गुप्तवार्ता यंत्रणेला तिचा पत्ता लागलेला नव्हता. सियालकोट आघाडीवर तीच आपल्यासमोर आली. फिल्लोरा जिंकल्यानंतर चविंडा मात्र आपल्याला अखेरपर्यंत घेता आले नाही, आणि त्याच आघाडीवर १६ सप्टेंबरला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना वीरमरण आले.

हवाई दलाचेही असेच झाले. १ सप्टेंबरला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दल वापरण्याची परवानगी काही मिनिटांत दिली. १९६२ मध्ये हवाई दलाला प्रत्यक्ष लढाईत उतरवलेच नव्हते, हे लक्षात घेतले की त्या निर्णयाचे मोल कळते, आणि मराठी माणूस म्हणून मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण त्या संध्याकाळी छांबवर गेलेली व्हॅम्पायर विमाने जुनी व संथ होती. त्यांतील चार पडली आणि त्यानंतर हा प्रकारच आघाडीवरून मागे घेण्यात आला. आदल्या दिवशीच्या यादीत ती सगळी विमाने लढाऊ विमाने म्हणून मोजलेली होती. उलट, ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती त्या आपल्या चिमुकल्या नॅट विमानाने पुढील दोनच दिवसांत सेबरला आव्हान दिले.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात, संयुक्त राष्ट्रांच्या युद्धबंदीच्या ठरावावर निर्णय घ्यायचा असताना पंतप्रधान शास्त्रींनी लष्करप्रमुखांना विचारले की, आणखी काही दिवस लढलो तर ठोस विजय मिळेल काय? आघाडीचा बहुतेक दारूगोळा संपत आला आहे आणि रणगाड्यांचीही बरीच हानी झाली आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. नंतर हिशेब तपासला गेला तेव्हा आघाडीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच खर्च झाला होता आणि रणगाडे पाकिस्तानच्या जवळजवळ दुप्पट शिल्लक होते, असे आढळले. पाकिस्तानची खरी अडचण याहून मोठी होती, कारण त्यांची बहुतेक शस्त्रे अमेरिकन होती आणि अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवल्यावर त्यांना गोळे आणि सुटे भाग मिळण्याचा मार्गच बंद झाला होता.

केवळ या चुकीमुळे विजय हुकला, असे मी म्हणणार नाही. चविंड्यासमोर आपण अडलो होतो, चीनने सिक्कीमच्या सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला होता, आणि ज्या अमेरिकेच्या गव्हावर आपण तेव्हा अवलंबून होतो तिचाही दबाव होता. युद्धबंदी स्वीकारण्यास ही कारणे पुरेशी असू शकतात. मात्र शास्त्रींसारख्या माणसाने तो निर्णय घेताना त्यांच्यासमोर स्वतःच्या सैन्याची खरी स्थिती नव्हती, याचे मला फार वाईट वाटते. युद्धबंदी २३ सप्टेंबरला लागू झाली. पुढे जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्ये आधीच्या रेषांवर परतली आणि जवानांनी प्राण देऊन घेतलेली काश्मीरमधील हाजी पीर खिंडही परत द्यावी लागली.

असा घोटाळा होतो कसा, याची काहीशी कल्पना डेपोत आयुष्य गेलेल्या आमच्याकडील जुन्या माणसांच्या बोलण्यातून येते. गोळा हा लोखंडी वस्तूसारखा वर्षानुवर्षे तसाच पडून राहत नाही. प्रत्येक लॉटची, म्हणजे एकत्र तयार झालेल्या खेपेची, मुदत असते, ठरावीक काळाने तपासणी होते, काही लॉट दुरुस्तीसाठी बाजूला काढले जातात, तर काही नष्ट करायचे असतात. कुठे गोळा असतो पण त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, कमी पडतो. गुलाबी बोंडअळी लागलेल्या पऱ्हाटीवर बोंड बाहेरून भरलेले दिसते आणि वेचणीच्या दिवशीच कळते की आत कापूस किती राहिला. साठ्याच्या एकूण आकड्याचेही तसेच असते. उलट बाजूने, आघाडीवरच्या एखाद्या तुकडीकडचे गोळे संपले म्हणजे मागच्या भांडारातील संपले असे होत नाही, आणि माझा तर्क असा आहे की १९६५ मध्ये हाच फरक वरपर्यंत नीट पोहोचला नाही. या साठ्याची राखण करणे किती धोक्याचे आहे, ते ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावला लागलेल्या आगीत आमच्या भागाने सोसले आहे. त्या आगीत लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी यांचे प्राण गेले.

हा विषय जुना झालेला नाही. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा तीव्र युद्धात १० दिवसही पुरणार नाही असे म्हटले होते, आणि मूळ अपेक्षा ४० दिवसांची होती. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला तेव्हा आमच्या गावातील सैन्यभरतीची तयारी करणारी मुले मोबाइलवर देशांच्या क्रमवारीचे तक्ते एकमेकांना दाखवत होती. त्या तक्त्यांत रणगाडे होते, विमाने होती, क्षेपणास्त्रांचे पल्लेही होते, पण किती दिवस पुरेल असा एकही रकाना नव्हता. तो असूही शकत नाही, कारण कोणताही देश ती माहिती सहसा उघड करत नाही.

आता १९७१. एप्रिलमध्ये पूर्व पाकिस्तानात शिरण्याचा विषय निघाला तेव्हा लष्करप्रमुख जनरल माणेकशॉ यांनी नकार देऊन वेळ मागितला. त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितल्याप्रमाणे, त्या वेळी त्यांच्या चिलखती डिव्हिजनमधील केवळ १३ रणगाडे चालू स्थितीत होते. पावसाळा तोंडावर होता आणि हिवाळ्यात हिमालयातील खिंडी बंद झाल्याशिवाय चीनच्या सीमेवरचे सैन्य हलवता येणार नव्हते. लष्करप्रमुखाने स्वतःचा कमकुवतपणा राजकीय नेतृत्वासमोर इतक्या स्पष्टपणे मांडणे, ही मला १९६५ नंतरची सर्वांत मोठी सुधारणा वाटते. मिळालेल्या महिन्यांत रणगाडे दुरुस्त झाले, सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला, आणि त्रिपुरासारख्या अरुंद रस्त्यांच्या प्रदेशात हजारो टन दारूगोळा व रसद आधीच नेऊन ठेवली गेली. सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरला (अनेक डिव्हिजनच्या सैन्यदळाला) मेघना नदी ओलांडून ढाक्याकडे धाव घेता आली ती बऱ्याच अंशी त्या साठ्याच्या बळावर. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला पाकिस्तानच्या पूर्वेकडील सेनेने ढाक्यात शरणागती पत्करली.