वाचक विचारतात : विंडोज १० ठेवावे, की ११ घ्यावे?

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या एका वाडीत असून, आंब्याच्या व्यवसायाबरोबर आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्यांची न्याहारी-निवासाची व्यवस्था चालवतो. २०१९ साली घेतलेल्या घरच्या संगणकावर (आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०) पेट्यांचा हिशेब, खोल्यांच्या नोंदी, बँकेचे व्यवहार आणि गेल्या वीस वर्षांची मराठी कागदपत्रे व छायाचित्रे आहेत. विंडोज ११ साठी तपासणी केली, तेव्हा टीपीएम २.० आढळत नसल्याचा संदेश आला. दुरुस्ती करणारे म्हणतात, “हा संगणक आता गेला, नवा घ्या.” शेजारचे काका म्हणतात, “चालतोय ना, मग हात लावू नकोस.” मुंबईला असणारा मुलगा म्हणतो, “गणपतीला आलो की फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो.” आंब्याचा हंगाम आता आवरत आला आहे. कोणाचे ऐकावे?
— एक गृहिणी, गुहागर तालुका

उत्तर : संगणक बदलू नका. विंडोज ११ अवश्य घ्या, पण फॉरमॅट न करता घ्या, आणि त्यासाठी गणपतीपर्यंत थांबू नका.

काकांच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे आणि धोकाही आहे. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, पुढेही पडणार नाही. थांबली ती दर महिन्याला येणारी सुरक्षा-दुरुस्ती. आपल्याकडे कौलारू घराची शाकारणी एखाद्या वर्षी राहिली, तर घर काही पडत नाही. मात्र वानरांनी सरकवलेली कौले तशीच राहतात आणि मृगाचा पहिला पाऊस नेमका तिथूनच माजघरात उतरतो. संगणकाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. विंडोज १० आणि ११ यांचा गाभा बराचसा सारखा असल्यामुळे ११ मधील एखादे छिद्र बुजवल्याचे जाहीर झाले, की तेच छिद्र १० मध्ये कुठे उघडे असेल, याचा माग काढणे जाणकार चोराला सोपे जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांमधल्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्या छिद्रावरची दुरुस्ती मार्च महिन्यातच आलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा आधार २०१४ मध्येच संपला असल्यामुळे त्या वापरकर्त्यांसाठी दुरुस्ती आली ती हल्ला झाल्यानंतर, आणि तीही अपवाद म्हणून.

आपला संगणक केवळ पत्रे लिहिण्यापुरता असता, इंटरनेटला जोडलेलाच नसता, तर मी काकांच्या बाजूने उभा राहिलो असतो. परंतु त्यावरून बँकेचे व्यवहार होतात, आणि न्याहारी-निवास म्हटले की पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रतीही त्यात साठलेल्या असणार. ती दुसऱ्यांची अमानत आहे. तेव्हा ‘चालतोय’ एवढ्यावर इथे भागणार नाही.

घाईचे मात्र कारण नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेली आहे. ती आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. आपल्या विंडोज १० ची आवृत्ती २२एच२, म्हणजे तिची शेवटची आवृत्ती, असली पाहिजे. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून संगणकाच्या सेटिंग्जची प्रत त्या खात्यात ठेवू दिली, तर शुल्क पडत नाही. छायाचित्रे वा कागदपत्रे तिथे चढवण्याची अट नाही. हे काम दहा मिनिटांचे आहे. इतर काही ठरवण्याआधी ते आजच करून घ्या, म्हणजे पुढचे सगळे शांतपणे करता येईल.

आता टीपीएमकडे वळू. ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी लहानशी सुरक्षा-व्यवस्था आहे आणि विंडोज ११ ला तिची २.० ही आवृत्ती लागते. आठव्या पिढीचे आय-५ प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत आहेत, आणि त्या काळातील बहुतेक संगणकांत ही सोय प्रोसेसरबरोबरच आलेली असते; ती बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या संगणकाच्या मूळ मांडणीत, बंद ठेवलेली असते, इतकेच. इंटेलच्या संगणकांत तिचे नाव ‘पीटीटी’, तर एएमडीच्या संगणकांत ‘एफटीपीएम’ असे असते. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांनी ज्याला ‘गेला’ म्हटले, तो बहुधा एक बटण चालू करण्याचा प्रश्न आहे. बायॉसमध्ये शिरण्यापूर्वी मात्र एक गोष्ट पाहा. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायॉस मोड’ या शब्दांपुढे ‘यूईएफआय’ (संगणक सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की ‘लेगसी’ (जुनी पद्धत), हे वाचा. ‘यूईएफआय’ असेल, तर टीपीएम आणि ‘सिक्युअर बूट’ (संगणक सुरू होताना परका प्रोग्रॅम शिरू न देणारी सोय) या दोन्ही गोष्टी सरळ चालू करता येतात. ‘लेगसी’ असेल, तर आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीतून जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. ती न बदलता सेटिंग फिरवले, तर विंडोज सुरूच होत नाही आणि घरात घबराट उडते. हे रूपांतर माहिती न पुसता करता येते, पण ते जाणकाराच्या हातून आणि प्रत काढून ठेवल्यावरच व्हावे.

आपल्या पत्रातील ज्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही, ती आहे १ टीबीची हार्डडिस्क. नियमाप्रमाणे विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, आणि फिरत्या तबकडीची डिस्क असली तरी ते बसते. बसते, पण रखडते; सकाळी संगणक सुरू करून चहा पिऊन यावे, तरी पडदा ‘गोल गोल’ फिरतच असतो. शिवाय दिवसरात्र खाऱ्या, दमट हवेत सात वर्षे काढलेल्या तबकडीवर वीस वर्षांची कागदपत्रे एकाच जागी ठेवणे मला बरे वाटत नाही. तेव्हा माझा आग्रह असा की, आधी एक एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घ्यावी, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवून घ्यावी, संगणक तिच्यावर चार दिवस नीट चालतो आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच त्या एसएसडीवर विंडोज ११ चढवावे. याचा खर्च नव्या संगणकाच्या मानाने अगदी थोडा आहे. यातला खरा लाभ वेगाचा नाही. काढून ठेवलेली जुनी डिस्क ही आपली पूर्ण, चालती प्रत ठरते. काही बिघडले तर ती पुन्हा जोडली की कालचा संगणक जसाच्या तसा परत मिळतो. ती डिस्क आंबापोळी ठेवता तशा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवा.

छायाचित्रांची आणि कागदपत्रांची आणखी एक प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर काढून ती मुलाबरोबर मुंबईला पाठवा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात छपरे उडवली, तेव्हा घरातला संगणक आणि घरातलीच प्रत ही दोन्ही एकाच पावसात भिजू शकतात, हे आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलेले आहे.

मुलाच्या ‘फॉरमॅट मारतो’ या शब्दांना माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण आपली मराठी कागदपत्रे. वीस वर्षांपूर्वीचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा आजच्या सर्वमान्य पद्धतीत, असण्याची शक्यता कमी. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या खुणांचाच असतो. त्या खुणांना मराठी रूप फॉन्ट देतो. फॉरमॅट केल्यावर फॉन्ट पुसले जातात आणि फाइल उघडली, की सासऱ्यांच्या हातच्या वाटणीपत्राच्या मसुद्याऐवजी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर गेलेला नसतो, पण फॉन्टचे नेमके नाव आठवत नसेल, तर तो गेल्यासारखाच. म्हणून ‘फायली आणि प्रोग्रॅम ठेवून अपग्रेड’ असाच पर्याय निवडा. त्यात फॉन्ट जागच्या जागी राहतात. तरीही ‘फॉन्ट्स’ फोल्डरची प्रत काढा, आणि महत्त्वाची कागदपत्रे आत्ताच, ती नीट दिसत असताना, ‘प्रिंट टू पीडीएफ’ने पीडीएफ करून ठेवा. हिशेबाच्या प्रोग्रॅमची आवृत्ती आणि प्रिंटरचा चालक-प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोज ११ वर चालतो का, हे त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. अस्सल परवान्याच्या विंडोज १० वरून ११ वर जाण्यास पैसे पडत नाहीत. ‘अ‍ॅक्टिव्हेट करून देतो’ असे म्हणून कोणी वेगळा प्रोग्रॅम बसवू पाहत असेल, तर त्याला संगणकाला हात लावू देऊ नका, कारण विषाणू घरात येण्याची तीही एक मोठी वाट आहे.

राहिला मुहूर्त. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, आणि वाढीव सुरक्षा-दुरुस्ती संपते १३ ऑक्टोबरला. त्यामुळे मुलाचा बेत तारखांच्या हिशेबात बसतो. अडचण वेगळी आहे. अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय साधारणपणे १० दिवसच असते, आणि गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की चाकरमानी परतीच्या गाडीत बसतो. त्याच्या पाठीमागे, सातव्या दिवशी प्रिंटर रुसला, तर आपण कोणाकडे पाहणार? शिवाय त्या दिवसांत घर भरलेले आणि वीज बेभरवशाची. अपग्रेड होत असताना संगणक अनेकदा स्वतःच बंद-चालू होतो, आणि त्यात मध्येच वीज गेली तर डिस्कवरील मजकुराला इजा होऊ शकते. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो, काम मात्र काही तासांचेही होऊ शकते. घरात इन्व्हर्टर असेल, तर संगणक त्याच्या जोडणीवर घ्या. म्हणून हंगामाच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की मृगापूर्वीच्या कोरड्या दिवसांत हे काम उरकावे, असे मला वाटते. विंडोज ११ उतरवून घेण्यास काही जीबी लागतात. मोबाईलच्या रोजच्या डेटात ते बसणार नाही, तेव्हा चिपळूण किंवा रत्नागिरीत ज्यांच्याकडे चांगली जोडणी आहे, त्यांच्याकडून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घेऊन या. मुलाला फोनवर बरोबर ठेवा, आणि गणपतीत त्याला आरतीला मोकळे सोडा.

प्रश्न : माझ्या वडिलांचा संगणक २०१३ चा आहे (चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम). ते त्यावर वृत्तपत्रे वाचतात, पत्रे लिहितात आणि नातवंडांशी बोलतात. बाजारात एकजण तपासणी चुकवून विंडोज ११ घालून देतो म्हणतो. घालावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : घालू नये. चौथी पिढी मान्य यादीत नाही, आणि अशा आडमार्गाने बसवलेल्या विंडोजला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच हाती लागत नाही. वडिलांना हाताची सवय मोडायची नसेल, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव दुरुस्तीसाठी नोंदणी करा आणि त्या अवधीत लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी कार्यप्रणाली दाखवून पाहा. ते विनामूल्य आहे, त्याच्या २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे, आणि संगणकावर काहीही न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पेनड्राइव्हवरून ते थोडे संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नका. ध्वनी, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी इन्स्क्रिप्ट टंकलेखन या चार गोष्टी वडिलांच्या हातून करवून पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन किंवा विंडोजचाच एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम ते वापरत असतील, तर मात्र हा मार्ग सोडून द्या.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी विंडोज ११ घेतले. बाकी सर्व ठीक आहे, पण जुना स्कॅनर चालत नाही. परत जावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आणखी तीन-चार दिवस स्कॅनरच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधण्यात घालवण्यास हरकत नाही, पण दहावा दिवस उलटू देऊ नका. दरम्यान ‘डिस्क क्लीनअप’ चालवून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसू नका. परतीची वाट त्यातच आहे. मुदत कमी वाटत असेल, तर जाणकाराकडून ‘डिझम’ या आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवून घेता येते, मात्र १० दिवस संपण्यापूर्वीच. परत जायचे ठरले, तर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘रिकव्हरी’ इथे ‘गो बॅक’ मिळेल. आपल्या फायली राहतात, पण या तीन दिवसांत बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात, म्हणून त्यांची नावे कागदावर उतरवून ठेवा. परतल्यावर पहिले काम वाढीव सुरक्षा-दुरुस्तीच्या नोंदणीचे करा, आणि स्कॅनर त्यानंतर जोडा.