एका बोटाला ९१, दुसऱ्याला ९६: ऑक्सिमीटरचा कुठला आकडा खरा धरायचा?

तुमचा प्रश्न असा की वडिलांच्या डाव्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर ९१ दाखवतो, उजव्या हाताला ९६, आणि रक्त न काढता याला हे कळतंच कसं? मी रुग्णालयातली उपकरणं सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमी कानावर येतो. खरं म्हणजे ऑक्सिमीटर ऑक्सिजन मोजतच नाही. तो उजेड मोजतो आणि त्यावरून रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी (ऑक्सिजन वाहून नेणारा लाल पदार्थ) किती टक्के ऑक्सिजन घेऊन आहे याचा अंदाज बांधतो.

चिमटा उघडून आत बघा. एका बाजूला दोन बारीक एलईडी असतात: ६६० नॅनोमीटरचा लाल, आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड, जो डोळ्यांना दिसत नाही. समोर सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचं नेमकं उलट. पण बोटात हाड, कातडी, शिरांमधलं रक्त हे सगळंच उजेड अडवतं, मग धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? हे कोडं टोकियोत निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी यांनी सोडवलं. ते खरं तर कानाला सेन्सर लावून हृदय किती रक्त ढकलतं हे मोजत होते आणि नाडीचे ठोके मोजमापात सारखे लुडबुडत होते. ती लुडबुड काढायला त्यांनी दुसरी तरंगलांबी घेतली, तेव्हा लक्षात आलं की ठोक्याबरोबर हलतो तेवढाच भाग धमनीचा. बाकी सगळं स्थिर, ते वजा करा. १९७४ साली पेटंटचा अर्ज झाला.

लाल आणि इन्फ्रारेडच्या या हलणाऱ्या भागांचं गुणोत्तर काढून यंत्र आपल्या तक्त्यात बघतं आणि आकडा सांगतं. हा हलणारा भाग एकूण उजेडाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. हात गार पडला की तोही आटतो, आणि मग यंत्र चाचपडायला लागतं. दोन्ही रंगांत सारखाच गोंधळ मिसळला की आकडा ८५ कडे ओढला जातो, कारण दोघांचं गुणोत्तर १ झालं की यंत्राच्या तक्त्यात साधारण ८५ लिहिलेलं असतं.

हा तक्ता म्हणजेच खरी मेख. तो कुठल्या सूत्रातून येत नाही. धडधाकट स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, पातळी ७० पर्यंत उतरवतात, धमनीतलं रक्त तपासतात आणि गुणोत्तराशी जुळवतात. म्हणजे ७० च्या खालचा आकडा निव्वळ तर्क. शिवाय ती बोटं कोणाची होती? अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या २०१३ च्या सूचनेत किमान १० जण आणि त्यात किमान २ गडद वर्णाचे, एवढ्यावर भागत होतं. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ सांगत असताना प्रत्यक्षात ८८ च्या खाली असणं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. त्याच वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आपल्याकडे आशाताई दारोदार हेच यंत्र घेऊन फिरल्या. आपल्याकडचे वर्ण किती तऱ्हेचे, हे मी सांगायला नको.

आता तुमचं काम. वडिलांना पाच मिनिटं स्वस्थ बसवा, हात चोळून गरम करा, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नसलेलं बोट घ्या. अर्धा मिनिट थांबा. यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळली, पडद्यावरची नाडीची लाट एकसारखी उठली, तरच शेजारचा आकडा वाचा. ९४ आणि ९६ मधला फरक सोडून द्या, यंत्राची चूकच दोन-तीनची असते. आणि बंद खोलीत शेगडी पेटवून कुणी गुदमरलं असेल तर ९८ वर अजिबात विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं.

गरम बोटावरही ९१ च आला तर आजच डॉक्टरांकडे न्या; धाप लागत असेल तर आकडा ९६ असला तरी न्या. जुना सीओपीडी (फुप्फुसांच्या वाटा अरुंद होण्याचा दीर्घ आजार) असेल तर ते आधी सांगा, त्या रुग्णांचं लक्ष्यच ८८ ते ९२ ठेवतात. डॉक्टर बहुधा एबीजी सांगतील, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त. ती सुई नेहमीच्या सुईपेक्षा जास्त दुखते, एवढं वडिलांच्या कानावर घालून ठेवा.