वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची गिटार

प्रश्न : कॉलेजात असताना घेतलेली गिटार वीस वर्षं माळ्यावर पडून होती. तारा मागच्या पत्र्याच्या टेलपीसला अडकवलेल्या आहेत आणि आता गंजल्या आहेत. दोन मिनिटांत बोटं दुखतात, बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास सूर चढा लागतो. दुरुस्त करावी की नवी घ्यावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी दुरुस्त करून पाहा, पण सगळ्या तारा एकदम काढू नका. टेलपीसच्या गिटारवर ब्रिज, म्हणजे पेटीवर तारा ज्यावर टेकतात तो आधार, बहुधा चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबानं तो जागेवर राहतो आणि तारा गेल्या की सरकतो. त्याच्या पुढच्या-मागच्या कडेला मास्किंग टेप लावून जागेची खूण करा, मगच तारा सैल करा.

आता लाकूड तपासा. नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे पेटीला मिळते त्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड शिरतं का? शिरत असेल तर काम कारागिराचं आहे, आणि स्वस्तातल्या गिटारला तो खर्च परवडत नाही. पेटीवर बोटानं टकटक करून आत काही खडखडतं का तेही ऐका. बुरशी किंचित ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत तर सरस सुटायचा. फिंगरबोर्डला (नेकवरच्या, तारांखालच्या लाकडाला) खोबरेल चोळू नका, ते खवट आणि चिकट होतं. रोजवूड असेल तर खनिज तेलाचे चार थेंब पुरेत. फडक्याला काळा रंग लागत असेल तर तो फिंगरबोर्ड रंगवलेला आहे, त्याला तेल लावून काही उपयोग नाही. खुंट्यांच्या गिअरला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब काडीनं सोडा.

तारांचा नवा सेट ०.०१०चा घ्या, म्हणजे ज्यातली सर्वात बारीक तार ०.०१० इंच जाड असते तो. ०.०१२चा सेट सुरात आणला की नेकवर ७० किलोंहून जास्त ताण येतो, ०.०१०चा साधारण ६०. जुन्या, ट्रस रॉड (आतून आधार देणारी धातूची सळई) नसलेल्या नेकसाठी हा फरक मोठा आहे. सेट स्टीलचाच हवा.

बोटं दुखण्याचं खरं कारण बहुतेकदा तारांची उंची असते. तार सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीनं मोजा. जाड तारेला अडीच मिलिमीटर, बारीक तारेला दोन, एवढी उंची बरी. चार निघाली तर बोटांचा दोष नाही. ब्रिजच्या दोन टोकांना स्क्रू असतील तर तारा जरा सैल करून ते थोडे थोडे खाली घ्या. स्क्रू नसतील तर ब्रिजच्या वरची पट्टी, म्हणजे सॅडल, निघते का पाहा. निघाली तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिचा तळ घासा. एक मिलिमीटर घासलं की बाराव्या फ्रेटवर अर्धाच मिलिमीटर कमी होतो. घासलेलं परत येत नाही, तेव्हा दर वेळी मोजत जा. तार झणझणू लागली तर जास्त उतरलात.

चढा सूर शेवटी. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरता असेल तर नेककडे, एका वेळी एक मिलिमीटर. उंची बदलली की हा हिशेब बदलतो, म्हणून आधी उंची.

प्रश्न : बाकी कॉर्ड जमतात, पण एफ अजून वाजत नाही. बोटांत जोर राहिला नाही का? – एक वाचक, पणजी

उत्तर : पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि एफचा तोच आकार एक फ्रेट पुढे धरा. एकदम सोपं गेलं तर दोष नटचा, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीचा आहे, त्याच्या खाचा उथळ आहेत. सहावी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पाहा : पहिल्या फ्रेटवर कागद जाईल इतकीच फट हवी. खाचा खोल करायला त्या-त्या जाडीची कानस लागते, म्हणून हे काम दुकानात करून घ्या. घरच्या कानशीनं खाच रुंद किंवा जास्त खोल झाली की मोकळी तार झणझणते.

तोवर सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवा आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा. सूर तोच राहतो, तारा मऊ होतात. एफऐवजी एफ मेजर सेव्हन धरा : पहिली तार मोकळी, दुसरी पहिल्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्या, चौथी तिसऱ्या, वरच्या दोन जाड तारा सोडून द्या.

प्रश्न : रोज किती वेळ वाजवावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिले तीन आठवडे दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. रविवारी सलग दोन तास बसलात तर बोटांना फोड येतो आणि पुढचा आठवडा वाया जातो. आंघोळीनंतर लगेच वाजवू नका, कातडी मऊ असते.