महागडं डिझेल टाकू का?

प्रश्न : माझी 2016ची डिझेल गाडी सकाळी सुरू करताना खडखडते. पंपावरचा मुलगा म्हणतो, महागडं डिझेल टाका, त्यात सीटेन जास्त असतो. टाकू का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : थांबा जरा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवाच इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फवारा उडणं आणि पेटणं यात क्षणभर उशीर होतो. सीटेन म्हणजे डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप. तो जास्त, तर उशीर कमी. उशीर लांबला की तोवर साठलेलं डिझेल एकदम भडकतं, तीच ती खडखड. (पेट्रोलच्या ऑक्टेनचं काम उलटं, लवकर पेटू न देण्याचं. हा घोळ आमच्याकडे रोज होतो.) पण आपल्या बीएस-6 डिझेलला किमान 51 सीटेन लागतोच आणि तुमच्या गाडीला तो पुरतो. वर कितीही चढवा, ताकद वाढत नाही.

मागच्या आठवड्यात अशीच एक गाडी माझ्या वागळे इस्टेटच्या गॅरेजात आली. दोन महिने महाग डिझेल पाजून झालेलं. डिझेल फवारणारा इंजेक्टर काढला तर त्याच्या तोंडावर काजळीचा काळा खडा. फवाऱ्याऐवजी धार लागत होती! आधी इंजेक्टर आणि थंड इंजिन सुरू होताना ऊब देणारा हीटर प्लग तपासून घ्या. डिझेल फिल्टरमधलं पाणी शेवटचं कधी काढलंत?