पाकसल्ला : अंड्यांचा हंगाम आणि हंगामातील अंडी

शेतावर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची सेंद्रिय अंडी घरी आणणाऱ्या वाचकांची पत्रे आमच्याकडे सतत येतात. अंडे वर्षभर मिळते, त्यामुळे त्याला हंगाम नसतो असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पोल्ट्रीच्या दिव्यांखाली न वाढलेल्या कोंबडीचे अंडे ऋतूप्रमाणे बदलते आणि त्याच्यासोबत शिजणारी भाजी, फळे व धान्येही बदलतात. पुढील उत्तरे देताना हेच सूत्र धरले आहे.

प्रश्न : मोहोळजवळच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही सेंद्रिय गावरान अंडी घेतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चार अंडी घालून केक केला, तर तो कोरडा होतो आणि कापताना चुरा पडतो. बाजारातील पांढऱ्या अंड्यांचा केक मात्र नीट होतो. सेंद्रिय अंडी केकला चालत नाहीत का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : चालतात, आणि उत्तम चालतात. येथे फरक पडला आहे तो वजनाचा. पोल्ट्रीतील नेहमीचे अंडे साधारण ५५ ग्रॅमचे असते, तर गावरान कोंबडीचे बहुधा ४० ग्रॅमच्या आसपास भरते. कवचाचे दहा-अकरा टक्के वजन वजा केले, तर पुस्तकातील चार अंड्यांतून सुमारे १९५ ग्रॅम ऐवज मिळतो आणि आपल्या चार अंड्यांतून जेमतेम १४० ग्रॅम. पीठ व साखर मात्र आपण पुस्तकाप्रमाणेच घेतली, म्हणून केक कोरडा झाला. अंडी मोजू नयेत, फोडून तोलावीत, एवढाच बदल पुरेसा आहे.

आपल्याकडे ही अंडी आहेतच, तर मैद्याचा आग्रह सोडून एकदा ज्वारीचा केक करून पाहावा, असे मी मनापासून सुचवेन. रब्बीची नवी मालदांडी ज्वारी माघ-फाल्गुनात घरी येते, तेव्हा तिच्या पिठाला जो गोडवा असतो तो पुढे उरत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसते, त्यामुळे केकला धरून ठेवण्याचे सारे काम अंड्यातील प्रथिनांना करावे लागते. म्हणूनच बिनअंड्याचा ज्वारीचा केक बहुधा विस्कटतो आणि अंड्यांचा टिकतो. १५० ग्रॅम बारीक दळलेले व दोनदा चाळलेले ज्वारीचे पीठ, कवचाशिवाय तोललेली १५० ग्रॅम अंडी, १३० ग्रॅम किसलेला गूळ, १०० ग्रॅम पातळ केलेले कोमट तूप, ६० मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घ्यावी. अंडी आणि गूळ एकत्र करून गूळ पूर्ण विरघळेपर्यंत फेटावे, मग तूप, दूध व पीठ मिसळून मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. ही अर्ध्या तासाची वाट पाहणे महत्त्वाचे आहे, कारण ज्वारीचे पीठ ओलावा सावकाश शोषते आणि घाई केली तर केक खाताना दाताखाली कणी लागते. त्यानंतर दीड छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळून सहा इंची भांड्यात, १७० अंश सेल्सिअसला ३५ ते ४० मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा थर देऊन, शिट्टी व रबरी कडे काढून, मंद आचेवर भाजला तरी चालतो. वेळ थोडा अधिक लागतो. केक पूर्ण निवल्याशिवाय सुरी लावू नये. गरम असताना तो कच्चा वाटतो, निवल्यावर घट्ट बसतो.

प्रश्न : गावरान, सेंद्रिय आणि तपकिरी अंडे हे एकच का? विक्रेते तिन्ही शब्द एकाच टोपलीला लावतात. (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पिंजऱ्यात वाढलेली कोंबडीही तपकिरी अंडे देऊ शकते. गावरान म्हणजे देशी कोंबडीचे. सेंद्रिय म्हणजे कोंबडीला रासायनिक खते व कीटकनाशकांशिवाय पिकवलेले खाद्य मिळणे, प्रतिजैविके सरसकट न देणे आणि तिला उघड्यावर फिरायला जागा असणे. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या प्रमाणित सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडे चिन्ह नसले तरी त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. शक्य असेल तर एकदा शेतावर जाऊन कोंबड्या काय खातात हे पाहून यावे.

पिवळ्या बलकाच्या गडद रंगावरूनही निष्कर्ष काढू नये. तो रंग मका, हिरवा पाला आणि झेंडूच्या पाकळ्यांतील रंगद्रव्यांमुळे येतो, आणि ही द्रव्ये कोणत्याही खाद्यात मिसळता येतात.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत शेतावरून येणारी अंडी कमी होतात, कवच पातळ असते आणि दोन-चार दिवसांत काही अंड्यांच्या बलकावर लाल रेषा दिसतात. अशा दिवसांत आंब्याचे कस्टर्ड करणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आपण पाहिलेल्या तिन्ही गोष्टींना उन्हाळाच कारण आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. धापा टाकताना तिच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम कार्बोनेट पुरेसे तयार होत नाही. त्यातच उन्हामुळे तिचे खाणेही घटते. लाल रेषाही उन्हाळ्यामुळेच येतात, पण निराळ्या रीतीने. कळपात कोंबडा असेल तर गावरान अंडी फलित असतात, आणि खोलीचे तापमान तिशीच्या पुढे गेले की त्यांत गर्भाची वाढ सुरू होऊ शकते. सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टोपलीतले अंडे कोंबडीच्या पोटाखाली ठेवल्यासारखेच असते. म्हणून उन्हाळ्यात शेतकऱ्याने अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा केलेली असावीत आणि आपण ती सकाळी लवकर आणून थेट फ्रिजमध्ये, दाराच्या खणात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावीत. अंडी आणल्याबरोबर धुऊ नयेत. कवचावरचे नैसर्गिक आवरण त्यामुळे निघून जाते. फार मळलेले अंडे कोरड्या कापडाने पुसावे आणि तेच आधी संपवावे. पाण्यात टाकल्यावर तळाशी आडवे पडणारे अंडे ताजे समजावे, उभे राहणारे लगेच पूर्ण शिजवून वापरावे, तरंगणारे टाकून द्यावे. कस्टर्डसाठी प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे आणि रेषा दिसलेले अंडे त्यासाठी घेऊ नये.

आता कस्टर्ड. अर्धा लिटर दूध, ५ गावरान अंड्यांचे पिवळे बलक, ७० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम आंब्याचा रस घ्यावा. आमरसाला वापरतो तो घट्ट केशर आंबा असेल तर साखर थोडी कमी करावी. बलक व साखर फेटून त्यात वाफाळते दूध धारेने ओतावे, मिश्रण गाळावे आणि जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर सतत ढवळत ठेवावे. कस्टर्ड ८२ ते ८४ अंशांच्या दरम्यान दाटते आणि त्यापुढे थोड्याच अंशांत फुटते, त्यामुळे उकळीची वाट पाहू नये. चमच्याच्या पाठीवर मिश्रणाचा थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की पातेले उतरवून थंड पाण्यात ठेवावे. आंब्याचा रस मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच घालावा, कारण गरम दुधात आंब्याच्या आंबटपणाने दाणे पडतात. एवढ्या तापमानाला नीट शिजलेले कस्टर्ड सुरक्षित असते, पण ते फ्रिजमध्येच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावे. कच्चे अंडे फेटून केलेले मूस किंवा आइस्क्रीम मात्र मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना देऊ नये, विशेषतः या दिवसांत. उरलेला पांढरा भाग कांदा-कोथिंबीर घालून अंड्याच्या पोळीत वापरता येतो.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात अंबाडीच्या पाल्यात अंडी घालतात. कधी पाला फार आंबट होतो, कधी अंडी रबरासारखी होतात. (एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : सोलापूरच्या तेलुगू घरांतला गोंगुरा, कानडी घरांतली पुंडी आणि मराठी घरांतली अंबाडी हा एकच पाला आहे, आणि अंड्याशी त्याची जोडी मला फार योग्य वाटते, बलकाचा स्निग्धपणा आंबटपणाला आवर घालतो. पाला फार आंबट लागत असेल तर तो तेलात परतण्याआधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून पिळून घ्यावा, किंवा त्यात थोडी तांदळी मिसळावी. फोडणीत लसूण आणि सुक्या मिरच्या सढळ हाताने घालाव्यात, परतलेल्या पाल्यात थोडे पाणी व दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घालून रस दाट करावा.

अंडी रबरासारखी होण्याचे कारण आच आणि आंबटपणा या दोन्हींत आहे. आम्लात पांढरा भाग लवकर गोठतो, त्यामुळे उकळत्या रसात अंडे टाकले तर ते बाहेरून घट्ट होते आणि आत कच्चे राहते. रस उकळून झाल्यावर आच अगदी कमी करावी, डावेच्या पाठीने पाल्यात खळगे करून प्रत्येकात एक अंडे फोडावे आणि न ढवळता झाकण ठेवून सहा-सात मिनिटे वाफेवर शिजू द्यावे. पावसाळ्याच्या दिवसांत बलक घट्ट होईपर्यंतच शिजवावा. सोबत गरम भात असावा. भाकरीपेक्षा तोच येथे जुळतो.

प्रश्न : हुरड्याच्या दिवसांत पाहुणे शेतावर येतात. भुर्जीखेरीज अंड्यांचे काय करता येईल? आणि ताज्या उकडलेल्या अंड्यांचे कवच का निघत नाही? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. अंडे जितके ताजे, तितका त्याचा पांढरा भाग आतील पापुद्र्याला चिकटून राहतो. काही दिवसांत कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि मग कवच सहज सुटते. म्हणून उकडण्यासाठी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी निवडावीत आणि त्याच दिवशीची अंडी पोळीसाठी राखावीत. ताजीच उकडायची असतील तर ती गार पाण्यात न ठेवता थेट उकळत्या पाण्यात अलगद सोडावीत, आकार लहान असल्याने नऊ मिनिटे पुरतात, आणि काढल्याबरोबर गार पाण्यात टाकावीत. त्यामुळे बलकाभोवती हिरवट कडही येत नाही. जास्त उकळल्याने पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह एकत्र येऊन ती कड तयार होते.

पाहुण्यांसाठी हुरड्याची अंडापोळी करावी. भाजून चोळलेला कोवळा हुरडा वाटीभर घेऊन निम्मा जाडसर वाटावा, निम्मा अख्खा ठेवावा. त्यात सहा गावरान अंडी, पातीचा ओला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ फेटून, तेल सोडलेल्या जाड तव्यावर बोटभर जाडीची पोळी घालावी आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शिजवावी. शेंगाचटणी आणि दही एवढेच सोबत पुरे. रात्री राहणारे पाहुणे असतील तर भाजलेले सुके खोबरे, तीळ, लसूण व काळा मसाला वाटून शेंगदाण्याच्या कुटाचा पातळ रस्सा करावा, उकडलेली अंडी अर्धी कापून रस्सा उतरवल्यावर त्यात सोडावीत आणि ताटात कडक भाकरी चुरून त्यावर हा रस्सा ओतावा.

प्रश्न : शेजारच्या घरून ईदला अंड्याचा हलवा येतो. आम्ही केला तर त्याला अंड्याचा वास येतो. (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : आपण बहुधा गरम तुपात अंडी ओतत असाल, मग आधी भुर्जी होते आणि वास राहतो. कवचाशिवाय २५० ग्रॅम अंडी, २५० मिलिलिटर दूध, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम खवा आणि ७५ ग्रॅम तूप हे सारे गार असतानाच एकजीव करून गाळावे आणि मगच कढई मंद आचेवर ठेवावी. साखरेमुळे अंडे उशिरा गोठते, म्हणून दाणा बारीक पडतो. तूप सुटून रंग बदामी होईपर्यंत परतत राहावे; बहुतेकांचा धीर दाणा पडल्यावर सुटतो आणि वास त्यामुळेच उरतो. केशर व वेलदोडा शेवटी घालावा. हा थंडीचा पदार्थ आहे आणि गरमच द्यावा.

प्रश्न : आमच्या घरी श्रावण पाळतात, पण परसातल्या कोंबड्या अंडी देतच राहतात. ती टिकवता येतील का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : ताजी अंडी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे सहज टिकतात, त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धातील अंडी तशीच ठेवावीत. आधीची गोठवावीत, पण कवचासह कधीही नको, कारण आतला द्रव फुगून कवच तडकते. अंडी फोडून हलके फेटावीत. तिखट पदार्थांसाठी दर २५० ग्रॅमला पाव छोटा चमचा मीठ, गोड पदार्थांसाठी दोन छोटे चमचे साखर घालावी, नाहीतर बलक गोठल्यावर चिकट गोळा होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. डब्यावर तारीख, वजन आणि मीठ की साखर हे लिहून ठेवावे. वापरण्याच्या आदल्या रात्री डबा फ्रिजच्या खालच्या खणात काढून ठेवावा, ओट्यावर वितळू देऊ नये, आणि एकदा वितळलेले मिश्रण त्याच दिवशी पूर्ण शिजवून संपवावे.