उपांगाच्या बाहेर

प्रिय मित्रा,

‘लोक गोड बोलतात, पण काम पुढे सरकत नाही.’ टांझानियातल्या दार-ए-सलामला नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येक भारतीयाची ही तक्रार असते, तुझ्या पत्रातही तीच आहे. तू सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या फाइल मागतोस ना? तिथे हा उद्धटपणा समजतात. आधी स्वाहिलीत ‘हबारी’, म्हणजे काय खबर, मग घरचे कसे आहेत, झोप झाली का, पोरं बरी आहेत का, आणि मग फाइल. समोरचा वयाने मोठा असेल, मग तो गेटवरचा वॉचमन का असेना, ‘शिकामू’ असा आदराचा नमस्कार करायचा. तो ‘मरहाबा’ म्हणेल. पर्यटकांचं ‘जांबो’ सोडून दे. आणि चारचौघांत कुणावर आवाज चढवू नकोस. आपल्याकडे साहेब ओरडला की काम हलतं अशी समजूत आहे. तिथे ओरडलास तर माणूस हो म्हणेल आणि तुला कायमचा टाळेल.

वेळेचा घोळ मात्र खरा आहे. स्वाहिलीत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. फुंडी, म्हणजे कारागीर, ‘सा ताटू’ला, म्हणजे तीनला, येतो म्हणाला, तर तो सकाळी नऊला येणार. (येईल की नाही हा प्रश्न वेगळा, तो आपल्या प्लंबरलाही लागू आहे.)

आता जरा नाजूक विषय. उपांगात, भारतीयांच्या वस्तीत, घर घेतलंस, ठीक केलंस. जवळच्या किसुटू भागात डाळ-तांदूळ, मसाले, फरसाण सगळं मिळतं, मराठी मंडळींचा गणपती असतो. पण प्रत्येक रविवार तिथेच गेला, तर वर्षं निघून जातील आणि तुझी स्वाहिली ‘असांते’पुढे, म्हणजे ‘धन्यवाद’पुढे, जाणार नाही. शिवाय त्या जेवणावळींत ‘ह्या लोकांना अक्कलच नाही’ छापाची वाक्यं कानावर पडतील, तीही वाढणाऱ्या बाईच्या देखत. भारतीय घरांत-दुकानांत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांना गुजराती कळते, हिंदीही कळते. आफ्रिकी विद्यार्थ्यांना पुण्यात खोली शोधताना काय ऐकावं लागतं ते तू पाहिलं आहेस. तीच भाषा तिथे त्यांच्याच घरात बोलायची, हे मला कधी पटलं नाही.

तरी जुन्या भारतीय कुटुंबांना सरसकट नावं ठेवू नकोस. १९७१ मध्ये मालकांनी भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांत अनेकांची आयुष्याची कमाई गेली. शेजारच्या युगांडात पुढच्याच वर्षी हुकूमशहा इदी अमीनने भारतीयांना ९० दिवसांत बाहेर काढलं. एक पाय कॅनडात किंवा लंडनला ठेवायची सवय तिथून आली. त्याच काळात अमीर जमाल नावाचा भारतीय वंशाचा माणूस टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होता, हेही विसरू नकोस. लोक तुला ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणतील तेव्हा ह्या सगळ्यासकट म्हणतील. त्यात शिवी शोधू नकोस.

ऑफिसात कुणाचं लग्न निघालं की ‘म्चांगो’साठी, म्हणजे वर्गणीसाठी, कार्ड येईल. तिथली लग्नं अशा वर्गणीवरच उभी राहतात. त्यासाठी कमिटी बसते, पैसे मोबाइलवर जमा होतात, हिशेब चोख असतो. ‘ओळख ना पाळख, पैसे कसले मागतात’ असं तू लिहिलं आहेस. अरे, ती ओळखीचीच सुरुवात आहे. झेपेल तेवढे दे, आणि लग्नाला जा. त्याहून महत्त्वाचा ‘म्सिबा’, म्हणजे मयताचं दुःख. सहकाऱ्याच्या घरी कुणी वारलं तर सगळं ऑफिस उठून जातं. तूही जा. ‘पोले’, म्हणजे वाईट वाटलं, एवढं म्हण, पाकिटात थोडे पैसे दे आणि तासभर नुसता बसून राहा. भाषा येत नाही म्हणून घरी थांबू नकोस, तिथे फारसं बोलायचं नसतंच.

जेवणाची चिंता नको. म्चिचा म्हणजे आपला माठच, आणि नारळाच्या दुधातलं ‘माहारागे’, म्हणजे राजमा, कोकणातल्या माणसाला परकं वाटत नाही. रिक्षाला तिथे ‘बजाजी’ म्हणतात, बजाजच्या आकुर्डीचा माणूस म्हणून तुला मजा वाटेल. बसायच्या आधी भाडं मात्र ठरव.

एक शेवटचं. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपास, अंगावर काढू नकोस. डिसेंबरात घरी आल्यावर चढला, तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांग की टांझानियाहून आलोय.

तुझा,
काका